‘येतो’ म्हणालेल्यांचा रकाना

मानवी निर्णयशक्तीच्या इतिहासात आमच्या हिच्या मोठ्या मामांचं स्थान फार वरचं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. पहिल्या रोग्याला गुण आला की नाही हे पाहून मगच दुसऱ्याचा उपचार ठरवावा, हा विचार त्यांनी कलकत्त्यात बसून आकडेमोडीने मांडला आणि भल्याभल्यांना माना डोलवायला लावल्या. त्याच सुमारास त्यांना घरासाठी एक छत्री घ्यायची होती. ती कधीच घेतली गेली नाही, कारण आधीची छत्री नेमकी कशाने मोडली याचा निकाल लागला नव्हता.

मामा जन्माने कलकत्त्याचे. वडील रेल्वेच्या नोकरीत तिकडे गेले आणि बराकपूरला घर करून राहिले. बँकेने माझी बदली कलकत्त्याला केली तेव्हा आपलं म्हणावं असं हे एकच घर. मामांचं मराठी शुद्ध होतं. फक्त पाणी, चहा आणि सिगारेट या तिन्ही गोष्टी ते बंगाल्यांसारख्या ‘खात’ असत. संख्याशास्त्र शिकवायला ते रोज सियालदहच्या गाडीने शहरात येत. आजचा डबा बरा निघाला तर उद्याही तोच डबा, उभं राहावं लागलं तर उद्या पुढचा. मासळीचंही तसंच. कालची मासळी ताजी निघाली तर आज त्याच कोळ्याकडे, शिळी निघाली तर समोरच्याकडे. यात चूक काढायला जागा नव्हती. पण एकदा आणलेला मासा मांजराने पळवला. मासा ताजा होता की शिळा, हे आता मांजरालाच ठाऊक. निकाल नाही म्हणून पुढचा कोळी ठरेना, आणि त्या घरात कितीतरी दिवस नुसते बटाटे शिजले. शेवटी मामी पिशवी पुढे करून म्हणाल्या, “मांजराला विचारून या, नाहीतर मी विचारते.”

ही पद्धत मासळीवर थांबली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण खिदिरपूरला गोदीजवळ अफूच्या व्यसनाचा एक दवाखाना होता आणि तिथले बंगाली डॉक्टर मामांचे शाळेतले मित्र होते. डॉक्टरांपाशी दोन उपचार होते. एकात अफू हळूहळू कमी करत न्यायची, दुसऱ्यात रोग्याला खाटेवर ठेवून ती एकदम तोडायची. कोणता चांगला हे कुणालाच माहीत नव्हतं. मामा म्हणाले, चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना हा आणि अर्ध्यांना तो देणं म्हणजे वाईट उपचार शेवटपर्यंत निम्म्या लोकांच्या माथी मारणं. त्यापेक्षा एकाला गुण आला तर पुढच्याला तोच उपचार, नाही आला तर दुसरा. औषधाने चालता चालता शिकावं. हे बोलताना मामांचा चेहरा इतका उजळे की ऐकणाऱ्याला आपणही थोडी अफू घेऊन या कामाला हातभार लावावा असं वाटे.

आता हिच्या धाकट्या मामांबद्दल सांगायला हवं. ते याच गोदीत जहाजावरचा माल उतरवून घेण्याच्या कामावर होते. पाठदुखीवर म्हणून कुणीतरी त्यांना अफूची गोळी दिली. पाठ दुखायची राहिली, गोळी राहिली नाही. नोकरी गेली, तरी माणूस हसरा होता. थोरल्या भावाची नक्कल ते अशी करत की मामीसुद्धा तोंडाला पदर लावत. “दादाला पाणी खायचं असलं,” ते म्हणत, “तर आधी मागच्या घोटाचा निकाल लागावा लागतो.” ते जेवायला येतील की नाही याचा भरवसा नसे, म्हणून मामी रोज भाताला एक मूठ तांदूळ जास्त घेत.

एका सकाळी हे धाकटे मामा आपल्या पायांनी त्या दवाखान्यात आले. घरातल्यांनी वर्षानुवर्षं विनवण्या केल्या तेव्हा आले नव्हते, ते आपणहून आले. हिने मला सोबत पाठवलं होतं. ते बाकावर बसले आणि चप्पल काढून बाकाखाली सारली. “दादा, आज आलोय,” ते म्हणाले. “उद्याचं मला विचारू नकोस. काहीतरी सुरू कर.”

मामांचा चेहरा पडला, कारण आधीच्या रोग्याचा निकाल आलेला नव्हता. तो एक खलाशी होता. अफू हळूहळू कमी करून त्याला घरी सोडलं होतं, आणि पंधरवड्याने येऊन दाखव म्हणून बजावलं होतं. निघताना तो बंगाल्यांच्या रीतीने ‘आशि’ म्हणाला होता, म्हणजे ‘येतो’. पंधरवडा उलटून गेला तरी त्याचा पत्ता नव्हता. डॉक्टरांचं म्हणणं, तो पळाला. अपयशाच्या रकान्यात घाल आणि पुढे चल. मामांना ते पटेना. लहानपणी दारातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हटलं म्हणून त्यांनी आईच्या हातचा मार खाल्ला होता. घरात मराठी ‘येतो’, दाराबाहेर बंगाली ‘आशि’. दोन भाषा एकाच गोष्टीची ग्वाही देत असताना माणसाला पळपुटा कसं लिहायचं? यश आणि अपयश यांच्या शेजारी त्यांनी तिसरा रकाना आखला होता: ‘येतो म्हणाला’. खलाशी त्यात होता, आणि तो तिथे असेपर्यंत पुढचा उपचार ठरत नव्हता.

डॉक्टर चिडून म्हणाले, “अरे बाबा, भाऊ आहे तुझा. नाणं उडव.”

“नाण्याला मागचं काही आठवत नसतं,” मामा म्हणाले. मग धाकट्या मामांकडे न पाहता म्हणाले, “आणि माझा भाऊ म्हणून नियम मोडायचा, तर मग तो नियम कसला?”

हे वाक्य एखाद्या सभेत टाळ्या घेऊन गेलं असतं. इथे ऐकायला आम्ही तिघेच होतो. धाकटे मामा बराच वेळ बसून राहिले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. शेवटी उठले, चप्पल पायात सरकवली आणि हसून म्हणाले, “बरं दादा, येतो.”

“ये,” मामा म्हणाले. या शब्दाला घरी हेच उत्तर देत असत.

ते परत आले नाहीत. हिवाळ्यात तो खलाशी मात्र आला, हातात खजुराच्या गुळाचं मडकं घेऊन. बाप वारला म्हणून गावी अडकला होता, अफूला शिवला नव्हता. ‘आशि म्हणालो होतो ना बाबू,’ असं तो वर मामांनाच म्हणाला. त्याच्या नावापुढे यश लिहिलं गेलं आणि धाकट्या मामांचा उपचार ठरला: हळूहळू कमी करायची. तो ठरलेला उपचार घेऊन मामा खिदिरपूरच्या गल्ल्या धुंडाळत राहिले. कुणी म्हणे तुमचा भाऊ जहाजावर चढला, कुणी म्हणे सियालदहला फलाटावर पाहिला. मामा दोन्ही ऐकून घेत. कुठलंच खोडत नसत.

पुढे दवाखान्यातलं काम संपलं आणि मामांनी त्यावर विद्वानांच्या सभेत निबंध वाचला. मी शेवटच्या रांगेत होतो. अध्यक्षांनी मामांना मार्गदर्शक दीप म्हटलं. त्याच क्षणी पंखे बंद पडले आणि दिवेही गेले. अंधारातच मामांनी निष्कर्ष सांगितला. दोन्ही उपचारांत म्हणण्यासारखा फरक आढळला नव्हता. कोणताही दिला असता तरी चाललं असतं. कुणीतरी विचारलं, सगळे निकाल हाती आले का? मामा म्हणाले, “एक यायचा आहे.” सभेला तो विनोद वाटला.

त्यानंतर मामांचं एकेक सुटत गेलं. गाडीच्या कुठल्याही डब्यात चढू लागले, मासळी मामी आणू लागल्या. धाकट्या मामांची आठवण दोघंही काढत नसत. तांदळाची ती मूठ मात्र मामी रोज घेत, आणि मामा ते पाहत.

माझी नागपूरला बदली झाली. बायकोमुलांना पुढे पाठवून मी बराकपूरला निरोप घ्यायला गेलो. मामींनी जेवून जायचा आग्रह केला, पण मला गाडी गाठायची होती. मामा दारापर्यंत आले. मी वाकून नमस्कार केला आणि सवयीने म्हणालो, “येतो, मामा.”

“जावईबापू, तुम्ही ‘जातो’ म्हणा,” ते म्हणाले. “उगाच कुणीतरी वाट पाहत बसतं.”

मामींनी तोंड फिरवलं. जन्मात प्रथमच मी एखाद्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून ‘जातो’ म्हणालो. त्याला काय उत्तर द्यायचं हे मामांना ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली.

त्या संध्याकाळी वीज गेली आणि सियालदहच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. स्टेशनवरून मी मामांकडे परत आलो आणि तिथेच जेवलो. भात पुरेसा होता.