पार्किंगमधून पाहिलेले किल्ले

मामांना त्या भागातला एकही किल्ला, एकही जुना राजवाडा, एकही राखीव जंगल अनोळखी नव्हतं. फक्त ओळख सगळी पायथ्याची होती. कुठल्या किल्ल्याखाली सावली सकाळी असते आणि कुठे दुपार कलल्यावर येते, कुठल्या जंगलाच्या फाटकापाशी माकडं वायपरचं रबर ओढून नेतात, कुठल्या राजवाड्यासमोर गाडी आधीच तोंड फिरवून लावलेली बरी, हे त्यांनी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. वर काय आहे, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मामा सहलीच्या मिनीबसवर ड्रायव्हर होते. सख्खी बहीण एकही नाही, पण भाचे मोजू म्हटलं तर मोजून होणार नाहीत. शनिवारी सकाळी आठवडाभर खुर्चीला चिकटलेली माणसं डोळे चोळत गाडीत चढायची, "मामा, खिडकीची जागा द्या" म्हणायची आणि रविवारी संध्याकाळी उन्हाने रापून, पाय दुखत असल्याच्या तक्रारी आनंदाने करत परतायची. मधल्या वेळात ती वर आणि मामा खाली. मालकांचा तसा दंडकच होता. सगळ्यांच्या पिशव्या गाडीत, तेव्हा ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही. पूर्वी एक ड्रायव्हर पाय मोकळे करायला म्हणून वर जाऊन आला, तेवढ्यात कोणीतरी काच फोडली. मालकांनी त्याला त्याच दिवशी नारळ दिला.

मामींना यातलं काही ठाऊक नव्हतं.

मामी घरी शिवणकाम करत. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. एका रविवारी मामा घरी आले, तेव्हा मामींनी मशीन चालवता चालवताच विचारलं, "काय काय पाहिलंत?" दोन दिवस टायर आणि झाड पाहिलं, असं नव्या नवरीला सांगणं मामांच्या जिवावर आलं. पुढच्या सीटवर बसलेल्या एका गुरुजींनी वाटेत जे सांगितलं होतं, तेच त्यांनी स्वतः पाहिल्यासारखं सांगून टाकलं. धान्याची कोठारं, भिंतीतला चोरदरवाजा, एकदा हाक मारली की तीनदा ऐकू येणारा दरबार. मशीन थांबली. मामी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत बसल्या.

ती थांबलेली मशीन मामांना पुढे आयुष्यभर पुरली. परतीच्या वाटेवर ते भाच्यांना खोदून खोदून विचारत, "वर काय पाहिलंत? पाणी होतं का? खोल्या केवढ्या?" लोकांना वाटे, काय रसिक ड्रायव्हर आहे! आणि घरी तो माल तिखटमीठ लावून मामींपुढे यायचा.

पण गोष्ट ऐकून झाली, मशीन पुन्हा सुरू झाली, की मामी म्हणत, "तुमचं बरं आहे बाई. आठवड्याला नवा किल्ला. आम्हाला ही खिडकी आणि समोरच्यांची वाळत घातलेली चादर."

हे वाक्य मामांना काट्यासारखं बोचे. खरं सांगावं, तर गोष्टी संपणार. न सांगावं, तर हा टोमणा आहेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मामींना एकदा घेऊन जावं, असं ठरे आणि मोडे. कधी सीट भरलेल्या, कधी सासूबाईंचं आजारपण, मग लेकीच्या परीक्षा, मग लेकीचं बाळंतपण. आज नाही उद्या करता करता दोघांचेही केस पांढरे झाले.

मामींच्या मनात सगळ्यांत जास्त बसली होती ती दगडी होडी. तीनदा ऐकू येणारा दरबार असलेल्या त्याच मोठ्या किल्ल्यात एक तळं आहे, राणीला पाण्याची हौस पण भीतीही फार, म्हणून राजाने तळ्याच्या मधोमध दगडाची होडी बांधून दिली, अशी ती हकिगत. होडीत बसायचं, चारी बाजूंनी पाणी बघायचं, पण बुडायची भीती नाही आणि कुठे जायचंही नाही.

"म्हणजे माझ्यासारखीच की," मामी तेव्हा हसून म्हणाल्या होत्या. नंतर मात्र अधूनमधून, दोरा ओवताना मध्येच विचारत, "त्या होडीत बसता येतं का हो? की नुसतं काठावरून बघायचं?"

"बसता येतं की," मामा म्हणत. येत असावं, असं त्यांना मनापासून वाटे.

आणि एका शुक्रवारी मालक म्हणाले, "मामा, उद्या तुमची गाडी दुसरा ड्रायव्हर, आपला पैलवान, नेतोय त्या मोठ्या किल्ल्यावर. दोन सीट रिकाम्या राहतायत. वहिनींना घेऊन जा. इतकी वर्षं लोकांना फिरवलंत, एकदा स्वतः फिरा."

घरी सांगितल्यावर मामींनी हातातली कात्री खाली ठेवली. "होडीवाला किल्ला?"

"तोच," मामा म्हणाले. वर आपलं बिंग फुटेल ही धास्ती होती, पण आनंद त्याहून मोठा होता.

दुसऱ्या दिवशी मामा जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत प्रवासी म्हणून बसले. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता.

"अहो, पाय आवरा," मामी पुटपुटल्या. "पत्रा फाटेल."

"पैलवान गिअर उशिरा टाकतोय."

"टाकू दे. आज तुम्ही पाहुणे आहात."

पायथ्याशी पोचल्यावर सगळे उतरले, आणि मामा सवयीने चाकांना लाथ मारून हवा बघू लागले. पैलवानाने त्यांना हाताला धरून बाजूला केलं. "मामा, जा आता. वाट त्या खोपटाच्या उजवीकडून आहे."

"अरे, त्यांना काय वाट सांगतोस?" मामी हसल्या. "त्यांचं इथे माहेरासारखं येणं-जाणं."

पैलवानाने मामांकडे पाहिलं. मामांनी डोळ्यांनीच त्याला हात जोडले. पैलवान खोकला आणि गाडीच्या मागे निघून गेला.

उजवीकडच्या वाटेला पुढे दोन फाटे होते. मामांनी ऐटीत डावा धरला. तो पाण्याच्या टाकीपाशी जाऊन संपला.

"वाट बदलली वाटतं," मामी म्हणाल्या.

"हल्लीच बदलली."

मामींचे गुडघे कुरकुरत होते, पण त्या थांबायला तयार नव्हत्या. दरवाजा आला. तीनदा ऐकू येणारा दरबार आला. मामींनी हळूच "ओ" म्हणून पाहिलं, काहीच ऐकू आलं नाही. "छत पडलंय ना, म्हणून," त्या स्वतःच म्हणाल्या. मामांना ते जास्तच लागलं. त्यांच्या खोट्याला मामीच ठिगळ लावत होत्या.

वरच्या मोकळ्या माथ्यावर एक झाडूवाली वाळलेली पानं गोळा करत होती. मामी थेट तिच्याकडे गेल्या.

"बाई, ते तळं कुठे आहे? दगडी होडीचं?"

"तळं?" झाडूवाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "इथे कुठलं आलंय तळं? प्यायचं पाणीसुद्धा आम्ही खालून आणतो."

"जुनं असेल. बुजलं असेल."

"माझी सासू इथेच झाडायची, तिच्या सासूनेही इथेच झाडलं. तळं असतं तर आमच्या कमरा अशा मोडल्या असत्या का?"

मामी वळल्या. मामा एका पडक्या चौथऱ्यावर बसले होते आणि जमिनीकडे बघत होते.

"अहो?"

"दुसरीकडचं असेल," मामा म्हणाले. "कोणीतरी सांगितलं, मी या किल्ल्याला जोडलं."

"कोणीतरी म्हणजे?"

"मी कधी वर आलोच नाही गं. इथेही नाही, कुठेच नाही. गाडी सोडायची नसते."

मामांना वाटलं, मामी आता कडाडतील. लग्नापासूनचं सगळं बाहेर काढतील. काढलं असतं तरी चाललं असतं.

"म्हणजे शनिवार-रविवार तुम्ही..."

"खाली."

"सगळे?"

"सगळे."

मामी त्यांच्या शेजारी टेकल्या. "आणि मी दर आठवड्याला तुम्हाला म्हणायचे, तुमचं बरं आहे."

"तू काय चुकीचं बोललीस? तुला काय माहीत?"

"मेली माझी जीभ," मामी म्हणाल्या. मग एकदम चिडून, "तोंड शिवलं होतं का तुमचं? एकदा सांगायचं की! मी घरी जळत बसले, तुम्ही तिथे तळत बसलात!"

"सांगितलं असतं तर तू मशीन थांबवली नसतीस," मामा म्हणाले.

वारा फार होता, मामींनी पदर डोक्यावरून घेतला आणि उठून तटापाशी गेल्या. मामाही गेले. समोर सगळा मुलूख पसरला होता, नदी चमकत होती, लोक बोटं दाखवून गावं ओळखत होते. मामी मात्र सरळ खाली बघत होत्या. पायथ्याशी काड्यापेटीएवढ्या गाड्या आणि झाडाखाली चटईवर आडवी पडलेली दोन-तीन माणसं.

"तुम्ही तिथेच झोपता?"

"झोपत नाही. पडतो. एक डोळा गाडीवर."

"आणि पाऊस असला की?"

"गाडीत. काचा धुरकटतात, मग त्या पुसत बसायचं."

मामी विचारत राहिल्या, मामा सांगत राहिले. निघायची शिट्टी झाली तेव्हा अर्धा किल्ला बघायचा राहिला होता. मागचा बुरूज चांगला आहे म्हणे. तो तसाच राहिला.

पुढच्या शनिवारी मामा पुन्हा स्टिअरिंगवर होते, आणि रविवारी परतताना पुढच्या सीटवरच्या ताई नेहमीच्या होत्या. जंगलातल्या राजवाड्यातून आल्या होत्या, बोलायला अगदी उतावीळ.

"मामा, विचारा तरी काय पाहिलं!"

"नको ताई, सांगू नका."

"का हो? मागच्या वेळी तर मला झोपूही दिलं नाहीत प्रश्न विचारून!"

"आम्ही दोघं येणार आहोत इथे," मामा म्हणाले.

"अरे वा! कधी?"

पुढे चढ होता. मामांनी गिअर बदलला. सीझन भरात होता, येते कित्येक शनिवार गाडी गच्च होती, आणि मामींचा उजवा गुडघा त्या दिवसापासून सुजलेलाच होता.

"बघू," ते म्हणाले. "दोन सीट रिकाम्या राहिल्या की."

ताई खिडकीबाहेर बघू लागल्या. तिथे तळं होतं का, एवढं एक विचारावं, असं मामांच्या ओठांवर घाटभर येत राहिलं. त्यांनी विचारलं नाही.

घरी मामींनी ताट वाढून ठेवलं होतं. "डबा कुठे बसून खाल्लात?" त्यांनी विचारलं, आणि मामा हात धुता धुता सांगू लागले.