सारजाबाईसाठी आणलेला पुडा

सारजाबाईची सारी हयात मेंढरांच्या अंगावरचे गोचीड वेचण्यात गेली. कोळवणच्या वरच्या माळावर, आमच्या वस्तीशेजारीच, ती नखानं एकेक गोचीड ओढून दगडावर चिरडायची. तिलाही ते चावायचे, पण त्याकडे लक्ष देतो कोण! पुढं पुढं मटण खाल्लं की काही तासांनी तिच्या अंगभर गांधी उठायला लागल्या, श्वास कोंडायला लागला. घरच्यांनी देवाचा कोप समजून बोकड कापला आणि प्रसाद पहिला तिलाच वाढला. शहाणपणाची कमालच म्हणायची. त्या दिवशी ती थोडक्यात वाचली.

पुण्याच्या डॉक्टरांनी अखेर सांगितलं, ही गोचीड चावल्यामुळं जडलेली अॅलर्जी. मटण बंद, दूध-तूप बंद, आणि पुड्यातलं काहीही वाचल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. धनगराच्या बाईला दूध बंद! ऐकून माझंच डोकं फिरलं. ती मात्र मुकाट्यानं कोरा चहा प्यायला लागली.

घरात इंग्रजी अक्षरं लावता येणारी एकटी सून, अपेक्षा. दुकानात पुडा उलटा करून ती बारीक अक्षरांवरून बोट फिरवत बसायची. दुकानदार हसायचा, तिला फिकीर नव्हती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघताना जीप दारात उभी होती, तेव्हा घाईघाईत तिनं सासऱ्याला, म्हसूला बजावलं, "मामा, पुड्यावर तपकिरी ठिपका दिसला तर आत्यास्नी दिऊ नगा."

म्हसूनं ते पक्कं धरलं. मेंढीच्या पाठीवरचा रंग बघून ती कुणाची हे ओळखणारा माणूस तो. एकदा रंग पटला की पुढं विचारायचं काय?

नात झाल्याचा फोन आला. वस्तीला पेढे वाटले, पण सारजाबाईला काय द्यायचं? म्हसू दुकानात गेला, ठिपका निरखून पाहिला. हिरवा होता. क्रीमच्या बिस्किटांचा पुडा घेऊन तो घरी आला.

"खा. नातीच्या नावानं त्वांड ग्वाड कर."

कित्येक महिन्यांनी तिला असलं काही मिळालं होतं. निम्मा पुडा संपवून ती लाजून हसली.

संध्याकाळी मेंढरं कोंडताना ती खाली बसली ती उठलीच नाही. आम्ही तिला उचलून जीपमध्ये घातलं, पण डांबरी रस्ता लागायच्या आतच सगळं संपलं.

अपेक्षा तान्ह्या पोरीला घेऊन आली. म्हसूनं उरलेला पुडा तिच्यापुढं धरला.

"वाच गं पोरी. कुटं मटण लिवलंय?"

तिनं पुडा उलटा केला. बोट सरकत सरकत एका जागी थांबलं. दुधाची भुकटी. ठिपक्याचं आपण सांगितलं, पण हिरव्या ठिपक्याच्या पुड्यातही दूध असतं एवढं सांगायचं राहिलं, हे तिला तिथंच कळलं.

"न्हाई मामा," ती म्हणाली. "तसलं काईच न्हाई."

"मग गेली कशानं गं?"

मांडीवरची पोर भुकेनं रडत होती, आणि अपेक्षाला तिला पदराखाली घ्यायचंही सुचेना.