भाऊंचं गवताळ तळं

पाण्यात कोपरापर्यंत हात घालून भाऊ गवताची एक काडी उपटायचे, कानाशी नेऊन चिमटीत मोडायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. कट् असा आवाज आला की म्हणायचे, "जित्तं आहे. इथंच बसू." काडी नुसतीच लिबलिबीत वाकली तर ती टाकून द्यायचे आणि हात पॅन्टला पुसायचे. "मेलेल्या गवतात मासा राहत नाही. चल समोर."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसाला ऊन लागलंय. बाकीच्या बोटींवर मासे दाखवणारे रंगीत पडदे होते. भाऊंच्या बोटीवरही एक होता, पण त्याच्यावर त्यांनी पंचा टाकून ठेवलेला असे. "आठवडाभर स्क्रीनच पाहून राहिलो ना ऑफिसात," म्हणायचे.

अमेरिकेत आमच्या मिनेसोटात तळ्यांना तोटा नाही. माणसं चांगली स्वच्छ, निळीशार तळी शोधत तासन् तास गाडी हाकतात. आमच्या उपनगराच्या कडेचं हे तळं मात्र सगळ्यांनी ओवाळून टाकलेलं. जुलै आला की अर्धंअधिक गवतानं भरून जायचं. मोटरच्या पंख्यात गवत, गळाला गवत, वल्ह्याला गवत. भाऊंनी चौदा वर्षं याच तळ्यात काढली. शनिवारी उजाडता उजाडता ते धक्क्यावर हजर असायचे आणि गेली सहा वर्षं त्यांच्या मागोमाग जांभया देत मी.

भाऊ माझे ऑफिसातले सीनियर. मीटिंगमध्ये त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "येस, वुई कॅन लुक इन्टू इट." तेही इतक्या हळू की समोरचा 'सॉरी?' म्हणायचा. असे चेहरे तुम्हीही पाहिले असतील. वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीत बसतात आणि आपल्याला त्यांचा आवाज आठवत नाही. तोच माणूस बोटीत बसला की चक्क हुकूम सोडायला लागायचा.

"गवत सोडू नको," हा पहिला हुकूम. "लोक गवताला भिऊन मोकळ्या पाण्यात गळ टाकतात. तिथं काय आहे? नुसतं पाणी."

भाऊ भंडारा जिल्ह्यातले, ढिवर घरातले. त्यांचे वडील, आजे, सगळे गावच्या तलावात मासे धरणारे, शिंगाडे लावणारे. आई टोपली घेऊन बाजारात बसायची. त्यामुळे गवत भाऊंना वाचता यायचं. बास नावाचा मासा कमळाच्या पानांखाली सावलीत पडून राहतो आणि तोंडासमोर काही आलं की गपकन गिळतो, म्हणजे आपल्या मरळ माशासारखाच. वॉलआय हा दुसरा मासा, त्याला उजेड सोसत नाही. तो गवताच्या बाहेरच्या कडेला, जिथं पाणी एकदम खोल होतं तिथं, सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळताना येतो. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, तरी पहिले तीन शनिवार मी फक्त गवतच पकडलं. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "चांगला माल आहे. म्हशीला होईल."

चौथ्या शनिवारी मला बास लागला आणि सरळ गवतात घुसला. मी जीव खाऊन ओढायला लागलो. भाऊंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "ओढू नको, तुटेल. दोरी ताणून धर अन् थांब. तो आपणच निघते." पाच मिनिटांनी तो खरंच निघाला. हा त्यांचा दुसरा हुकूम, आणि मला वाटतं, आयुष्यात सगळीकडे त्यांनी हाच पाळला होता.

सकाळचे सात वाजले की भाऊ गावी व्हिडिओ कॉल लावायचे. तिकडे संध्याकाळ असायची. बहीण फोन आणून आईच्या हातात द्यायची आणि पडद्यावर आईचं नुसतं कपाळ दिसायचं. भाऊ मासा पडद्यासमोर धरायचे. वॉलआयचे पांढुरके डोळे पाहून ती माउली म्हणाली, "हा का मासा हाये रे बाबू? याले तं मोतीबिंदू झाला!"

गळाला लावायला जळवा विकत आणतात हे कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला. पण तिला खरा राग यायचा तो बास परत पाण्यात सोडण्याचा.

"पकडला अन् सोडला?"

"हो आई. इकडे बरेच जण सोडतात."

"मंग पकडला कायले?"

 भाऊ हसायचे. मग ती विचारायची, "कधी येतं घरी?" आणि भाऊ म्हणायचे, "डेट येऊ दे, आई."

ही डेट म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतला आपला नंबर; ते कार्ड हातात आलं की जाण्यायेण्याची धास्ती नाही. ज्यांच्या नशिबी हे आलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमचा व्हिसा कंपनी वाढवून देते, त्यामुळे इथं राहायला, काम करायला अडचण नाही. पण पासपोर्टावरचा शिक्का संपलेला असतो. भारतात गेलं की परत यायला तो तिथल्या अमेरिकी वकिलातीत नव्यानं मारून घ्यावा लागतो. बहुतेकांना मिळतो. काहींचा पासपोर्ट तपासणीसाठी ठेवून घेतात, आणि तो माणूस महिनोन् महिने तिकडेच बसतो. इथलं घर, नोकरी, मुलांची शाळा, सगळं त्या शिक्क्यावर टांगलेलं. आमच्या टीममधल्या एकाचं असं झालं होतं, तेव्हापासून भाऊंनी धसका घेतला. सात वर्षं ते गावी गेले नव्हते. मी तरी कुठे शूर? माझाही शिक्का पाच वर्षांपूर्वी संपलाय आणि माझी आई सांगलीला एकटी असते.

या धसक्याचा एक किस्सा सांगतो. एका सकाळी वनखात्याचा हिरव्या गणवेशातला अधिकारी बोट घेऊन आमच्याजवळ आला. भाऊंनी गळ खाली ठेवला आणि शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. मग बाकाखालून एक वॉटरप्रूफ पिशवी काढली. तिच्यात पासपोर्टची प्रत, व्हिसाची सगळी मंजुरीपत्रं, कंपनीचं पत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या! चौदा वर्षं हा माणूस मासे पकडायला अख्खी फाइल घेऊन येत होता. अधिकाऱ्यानं दोन-तीन कागद उलटेपालटे केले. "सर, मला फक्त फिशिंग लायसन्स दाखवा."

लायसन्स पाहून तो आणखीच बुचकळ्यात पडला. भाऊ दरवर्षी बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठीचं लायसन्स काढत होते. "तुम्ही कुठे राहता?" भाऊंनी झाडीमागं बोट दाखवलं. "किती वर्षं?" चौदा, भाऊ म्हणाले. तो हसला. "देन यू आर अ रेसिडेंट, सर. पुढच्या वेळी इथल्या लोकांचं काढा."

तो गेल्यावर मी हसून हसून लोळायचा बाकी होतो. भाऊ हसले नाहीत. कागद एकेक करून नीट पिशवीत भरले आणि म्हणाले, "फॉर्म भरताना मला वाटलं, आपण कुठले इथले." मला स्वतःची लाज वाटली.

मागच्या उन्हाळ्यात भाऊंच्या आईची किडनी गेली. डायलिसिस सुरू झालं. शनिवारचे कॉल हॉस्पिटलमधून व्हायला लागले. पडद्यावरचं कपाळ दर आठवड्याला थोडं बारीक होत गेलं. जून, जुलै भाऊ थांबले. कंपनीच्या वकीलबाईंनी लेखी कळवलं होतं, सध्या प्रवास टाळावा. ऑफिसात नोकरकपातीची कुजबुज होती. वहिनींचा इथला मुक्कामही भाऊंच्याच व्हिसावर, आणि सातवीतल्या मुलीला या गावापलीकडचं जग माहीत नाही. त्या म्हणायच्या, "तुम्ही जा. इथलं मी बघते." मुलगी म्हणायची, "जस्ट गो, बाबा." भाऊ मान हलवायचे आणि तारीख पुढे ढकलायचे. मीही त्यांना जा म्हणालो नाही. ते गेले असते तर मला माझं न जाणं अवघड झालं असतं, हे आज कबूल करतो.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी भाऊंच्या गळाला मोठा वॉलआय लागला आणि तेवढ्यात फोन वाजला. फोन मी धरला. बहिणीनं तिकडचा फोन आईच्या तोंडासमोर नेला. आईनं मासा पाहिलाच नाही. नाकाला नळी होती. तिनं एवढंच विचारलं, "जेवला का, बाबू?" आणि डोळे मिटले. बहीण म्हणाली, "दादा, डॉक्टर म्हणते, जवळच्या माणसाईले बोलावून घ्या." फोन बंद झाला.

मासा गवतात शिरला होता. भाऊ दोरी ताणून बसून राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.  मग त्यांनी गळाची काठी माझ्या हातात दिली, बोटीच्या कडेवर पालथे पडून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि गवताचा अख्खा भारा उपटून वर काढला. आत मासा होता. तो सोडवून त्यांनी पाण्यात टाकला. ओल्या शर्टानं ते खाली बसले आणि म्हणाले, "लई थांबलो बे मी."

मंगळवारी ते निघाले. विमानतळावर बोटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तीन आठवड्यांत येतो. बोट पाण्यातच राहू दे. सप्टेंबरचा वॉलआय सोडायचा नाही."

आई त्यांना अकरा दिवस मिळाली. नंतर फोनवर त्यांनी सांगितलं, सात वर्षं 'कधी येतं' विचारणारी आई ते समोर बसल्यावर रोज विचारायची, "परत कधी जाणं आहे? सुट्टी सरली असंल ना?" तिला त्यांच्या नोकरीची काळजी. भाऊ रोज सांगायचे, सुट्टी भरपूर आहे. एका सकाळी त्यांनी तिला माशाचा रस्सा चमच्यानं भरवला. तिनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, मीठ कमी झालं. दुपारी ती गेली.

वकिलातीत मुलाखत दोन मिनिटांत झाली. पासपोर्ट तपासणीसाठी ठेवून घेतला. कंपनीनं ऑक्टोबर संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग एक सभ्य ईमेल पाठवली. नोव्हेंबरच्या मध्याला वहिनी आणि मुलगी सामान आवरून निघाल्या. मीच त्यांना विमानतळावर सोडलं. गाडीत मुलीनं विचारलं, "काका, इज देअर अ लेक?" आहे, मी म्हणालो, गावाला लागूनच.  मग ती विमानतळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

बोट अजून पाण्यातच होती. एव्हाना बाकीच्या सगळ्या बोटी बाहेर निघाल्या होत्या. तळं गोठायला लागलं की बोट काढावीच लागते, नाहीतर बर्फ ती फोडतो. रोज ऑफिसला जाताना मी तिच्याकडे पाहायचो आणि उद्या बघू म्हणायचो. भाऊंच्या मालकीचं एवढंच काय ते इथं उरलं होतं. शेवटी धक्क्याच्या म्हाताऱ्या मालकानं दम दिला. एका शनिवारी सकाळी मी गाडीला ट्रेलर जोडून धक्क्याच्या उतारावर गेलो आणि भाऊंना फोन लावला.

"भाऊ, कडेला बर्फ धरायला लागलाय."

"किती?"

"पापडाएवढा."

पलीकडे कुठल्या तरी देवळातली घंटा वाजत होती. बायका बोलत होत्या.  

"काढ," भाऊ म्हणाले.

ट्रेलर मागे घेणं मला कधी जमलं नव्हतं, ते नेहमी भाऊंचं काम. मग त्यांनी तिकडून एकेक सांगायला सुरुवात केली. स्टेअरिंग उलटं फिरव. चाकं बुडाली का? अजून एक हात जाऊ दे. आता हूक लाव. सावकाश. पातळ बर्फ कडकड मोडत बोट वर आली. तिच्या पोटाला काळं पडलेलं गवत लोंबत होतं. माझी बोटं बधिर झाली होती आणि मला रडू येत होतं, ते मी लपवलं नाही. भाऊंना ऐकू जात असणार.

"पूर्ण आली?"

"आली."

"आता झाकून टाक."

मी ताडपत्री ओढून घेतली. फोन गाडीच्या टपावर ठेवलेला, चालूच होता. एक बाजू बांधून झाली तेव्हा भाऊंनी विचारलं, "तुझी आई कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणालो आणि दुसऱ्या बाजूची दोरी आवळायला लागलो.