लेडी वेक्सकमची शाल

चूक माझीच. नोकरांच्या टेबलावर कोणी कुठं बसायचं याची यादी थॉर्नबी हॉलमध्ये मी करायचो, आणि त्या शुक्रवारी मी टांगलेल्या यादीनं एका बाईला एकतीस वर्षांच्या जागेवरून उठवून पार टोकाला नेऊन बसवलं.

आमचा नियम साधा होता. पाहुण्यांबरोबर आलेल्या नोकरमाणसाला मालकाचंच नाव आणि मालकाचाच मान. वर जेवणघरात चालायचं तेच खाली, फक्त रस्सा जरा पातळ. आमच्या लॉर्डसाहेबांची बहीण लेडी वेक्सकम दरसाल माहेरपणाला यायची, तेव्हा तिची दासी बटलर मिस्टर क्रॅडकच्या उजव्या हाताला बसायची. तिला आम्ही मिस वेक्सकमच म्हणायचो.

गुरुवारी पहाटे लेडी वेक्सकम माहेरीच वारली. आता मालकीणच नाही तर मान कुणाचा? म्हणून मी यादीच्या तळाशी, भांडी घासणाऱ्या पॉलीच्याही खाली, त्या दासीचं स्वतःचं नाव लिहिलं : हेस्टर ट्रेगिजो. स्वयंपाकीणबाईंनी चष्मा पुसून वाचलं आणि विचारलं, "ही नवी पोरगी कोण ठेवली?"

कुणी हसलं नाही, कारण हेस्टर दारात उभी होती. वरच्या खोलीत कुणाला हात लावू न देता तिनं मालकिणीला न्हाऊ घातलं होतं, राखाडी रेशमी पोशाख चढवला होता, केसांत नेहमीच्या अकरा पिना खोचल्या होत्या. तिनं यादी वाचली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. बटाटे तिच्यापर्यंत पोचेतो गार झाले होते.

हेस्टर कॉर्नवॉलच्या एका खाणकामगाराची मुलगी. सतराव्या वर्षी नोकरीला लागली ती आजतागायत लेडी वेक्सकमच्या मागं, डाव्या अंगाला, दोन पावलं अंतर ठेवून चालत आली. हातावर शाल. बाईंना थंडी वाजायची, पण वाजते हे कबूल करायचं नसायचं. हेस्टरला ते पाठीवरून कळायचं. राजाच्या राज्याभिषेकाच्या दिवशी बाई आत चर्चमध्ये होत्या, तर हेस्टर शाल घेऊन बाहेरच्या बोळात सहा तास उभी होती.

माझ्या चुकीचा खरा काटा मला जेवणानंतर टोचला. अंत्ययात्रेत नोकरांची रांग टेबलाच्याच क्रमानं लागते. म्हणजे हेस्टर सगळ्यांच्या मागं, पॉलीच्या पाठीशी. शवपेटी तिला दिसणारसुद्धा नव्हती. मी क्रॅडककडे धावलो.

"नियमाला धरूनच केलीत यादी, ट्रूब," तो म्हणाला. "वाईट आहे ते तेच. आता मी ती कशी बदलू?"

मग मी हेस्टरला माझी जागा देऊ केली. ती शाल ब्रशनं झाडत होती. नुसतं "बघू" म्हणाली.

सोमवारी खांदेकरी शवपेटी घेऊन पायऱ्या उतरले. लॉर्डसाहेब मागोमाग निघणार, तोच बाजूनं हेस्टर आली आणि पेटीच्या मागं, डाव्या अंगाला, दोन पावलांवर चालू लागली. हातावर शाल. क्रॅडकच्या तोंडचं पाणी पळालं. लॉर्डसाहेब क्षणभर थबकले. मग त्यांनी आपलं पाऊल आखडतं घेतलं आणि तिला जागा राहू दिली. चॅपलपर्यंत कुणी तिला ओलांडलं नाही.

दुपारी हेस्टर जायला म्हणून आपली ट्रंक भरत असताना मी दाराशी गेलो.

"मिस ट्रेगिजो," मी विचारलं, "खुद्द लॉर्डसाहेबांच्या पुढं चाललात, परवानगी कुणाची घेतलीत?"

तिनं शालीची घडी मोडून पुन्हा नीट घातली.

"शाल घेऊन चालायला मी कधी कुणाला विचारलं नव्हतं."