शेवटच्या पानावरची चिठ्ठी

अमरावतीच्या आमच्या वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दहा-बारा जण जमतो. अलीकडे आवडलेल्या कादंबरीबद्दल एकेकानं बोलायचं. बोलताना पुस्तक उघडायचं नाही, असा दंडक. बोलून झालं की चार ओळी चिठ्ठीवर लिहायच्या, खाली सही करायची आणि ती पुस्तकाच्या शेवटच्या पानावर डकवायची, पुढच्या वाचकासाठी. माझ्या चिठ्ठ्या मुद्दाम शोधून वाचणारे लोक आहेत. त्यातलं एकही वाक्य माझं नाही.

ती सगळी एका हारवाल्या मावशींची. मंदिराच्या रस्त्यावर त्या घरच्या शेवंतीचे हार विकत. मी शाळेत मराठी शिकवते. एकदा पिशवीतली कादंबरी पाहून त्यांनी मागितली. आठ दिवसांनी परत दिली ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून, ओला हात लागू नये म्हणून. कशी वाटली, असं मी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"चांगली हाये. पन थे बाई घर सोडून निघाली, तवा दार लावून गेली. ज्याले वापस याचं नसते, थो कायले दार लावते? तिले याचं होतं, मॅडम. लेखकानं काहून नाही येऊ देल्लं?"

मी ती कादंबरी दोनदा वाचली होती. दार माझ्या लक्षातही आलं नव्हतं. वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका तपासून माझं असं झालं होतं की गोष्ट पाठ व्हायची, वाटायचं मात्र काहीच नाही. त्या रविवारी वाचनालयातल्या आमच्या मंडळात मी दाराबद्दल बोलले. मावशींचं नाव घेतलं नाही. टाळ्या पडल्या. चिठ्ठी डकवली, सही केली.

मग ती सवयच झाली. पुस्तक आधी त्यांना द्यायचं. त्या बोलायच्या, मी शेजारच्या पाटावर बसून ऐकायची आणि घरी जाऊन वहीत उतरवायची. माझ्यासाठी शेजारच्या दुकानातून अर्धा चहा मागवायच्या. एकदा म्हणाल्या, "तुमच्या रविवारच्या मंडळीत मले बसू देतीन का? मांगं बसीन. एक शब्द नाही बोलनार."

"रविवारचा तुमचा धंदा बुडेल, मावशी," मी म्हटलं.

"हो, थे बी हायेच," म्हणत त्यांनी सुईत दोरा ओवला. त्या बोलणार नाहीत यावर माझा विश्वास नव्हता. खरी भीती तीच होती.

दोनेक वर्षांनी त्यांनी ती दारवाली कादंबरी पुन्हा वाचायला मागितली. मी घाईत वाचनालयातून काढून दिली. शेवटच्या पानावर काय आहे, ते घरी पोचल्यावर आठवलं. परत मागायला तोंड नव्हतं.

पुस्तक आलं, नेहमीसारखं प्लास्टिकमध्ये.

"चिठ्ठी वाचली. चांगली लिवली तुमी. मले येवढं नीट नसतं जमलं."

एवढंच. तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी दोन हार जास्त घेतले. त्यानंतर कुठल्याही पुस्तकावर त्या दोनच शब्द बोलत, "चांगली हाये." चहा मात्र येत राहिला.

गेल्या वर्षी साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली आणि लेकीनं त्यांना अकोल्याला नेलं. पुढच्या रविवारी माझी पाळी होती. उभी राहून मी सांगून टाकलं, की माझ्या चिठ्ठ्यांतलं सगळं एका हार विकणाऱ्या बाईचं आहे, मी चोरलंय. निवृत्त वकीलसाहेब हसून म्हणाले, "मॅडम, किती तो विनय! आपण सगळेच लोकांकडून शिकतो." पुन्हा टाळ्या पडल्या.

मग अकोल्याला गेले. लेक कामावर होती. मावशी खाटेवर बसल्या होत्या, हातात दोरा नव्हता. मी दारवाली कादंबरी नेली होती. चिठ्ठीवरच्या सहीवर काट मारून त्यांचं नाव लिहिलं होतं, ते वाचून दाखवलं.

"आता मी काय करू त्याचं?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नावाचं नाही वो काही. मले वाटे, तुमी माह्यासाठी बसता. तुमी तर लिवून घ्याले बसत होत्या."

मला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

"आनलंच हाये तं वाचा," त्या म्हणाल्या. ती बाई घर सोडते ते प्रकरण मी वाचलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुमाले काय वाटलं?"

मी खूप शोधलं. मावशींच्या वाक्यांशिवाय आत काही सापडेना.

"काहीच नाही वाटलं, मावशी."

"हे खरं बोलल्या," असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

बसची वेळ झाली होती. मी चपला घातल्या, बाहेर पडले.

"दार लावलं का?" आतून आवाज आला.

"लावलं," मी म्हटलं.