चिरेशेलची सिंहीण

आपण देशभक्त आहोत, हे चिरेशेल गावच्या रफिलाला वयाची तिशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी ते सांगितलं एका हंगेरियन सार्जंटाने, आणि तेही भर बाजारात.

त्याआधी तिची पंचक्रोशीत ओळख होती ती जिभेसाठी. गावचे पाद्रीबाबा, पोपा ग्रात्सियान, प्रवचनात म्हणायचे की काही बायकांच्या जिभेला खुद्द सैतान धार लावून देतो. आणि अख्खं चर्च मान वळवून रफिलाकडे बघायचं. कारण एवढंच, की प्रसादाची वाईन सणाच्या आदल्या दिवशीच कशी आटते, असं तिने एकदा चारचौघांत विचारलं होतं. नवरा इलारिये हा मेंढरं राखून राखून मेंढरांच्याच स्वभावाचा झालेला. बायको बोलायला लागली की कान पाडून उभा राहायचा आणि वळवाची सर ओसरायची वाट बघावी तशी वाट बघायचा.

ट्रान्सिल्व्हानियातलं हे गाव सगळं रोमानियन. राज्य हंगेरियनांचं, हंगेरियनांच्या डोक्यावर व्हिएन्नाचा बादशहा आणि बादशहाच्या डोक्यावर देव. चिरेशेलच्या माणसाची फिर्याद देवापर्यंत पोचायची तर वाटेत इतक्या कचेऱ्या लागायच्या, की लोकांनी तो नाद सोडून दिला होता. डोंगरापलीकडे मात्र रोमानियनांचं स्वतःचं राज्य होतं. तिथल्या लोकांनी मागच्या पिढीत तुर्कांशी लढून स्वातंत्र्य मिळवलं होतं. त्या राज्याबद्दल गावात स्वर्गाबद्दल बोलावं तसं बोलायचे. आणि स्वर्गासारखंच, ते बघून आलेलं फारसं कुणी नव्हतं. इलारियेचा एक चुलता मेंढरं विकायला तिकडे जाऊन आला होता. तो म्हणाला, जमीनदाराचा चाबूक तिकडेही आहेच, आणि लढायला गेलेले कबूल केलेल्या जमिनीची अजून वाट बघताहेत. गावाने ऐकून घेतलं आणि म्हाताऱ्याला उन्हाचा झटका बसला असं ठरवलं.

त्या वर्षी वरून फर्मान निघालं की लाल, पिवळा आणि निळा हे तीन रंग एकमेकांशेजारी दिसता कामा नयेत. ते डोंगरापलीकडच्या झेंड्याचे रंग. शेजारच्या गावात एका मयताच्या फुलांवरची फीत शिपायांनी कापून नेली. मेलेल्या माणसाने तरी बंड करू नये, एवढीच सरकारची अपेक्षा होती. रफिलाच्या कमरेला नेमका याच तीन रंगांचा विणलेला पट्टा. तिची आई तसाच विणायची, आजीही तसाच. झेंडा त्यांच्यापैकी एकीनेही पाहिला नव्हता. तीन रंगांची लोकर घरात असायची म्हणून तीन रंग.

वसंतातल्या बाजारात ती चीज विकत बसली होती. नव्यानेच बदलून आलेला सार्जंट केलेमेन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने काठीचं टोक पट्ट्याला लावलं आणि मोडक्या रोमानियनमध्ये तो काढायचा हुकूम केला.

रफिलाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काढते की, साहेब. पण माझा घागरा या पट्ट्याच्याच जिवावर उभा आहे. पट्टा गेला की तो धरायला सरकारी माणूस लागेल. तुम्ही धरणार, की वरून कुणाला मागवू?"

बाजार हसला. म्हणजे नुसता हसला नाही, कांदेवाल्या बायका डोळे पुसायला लागल्या आणि एक हंगेरियन खाटीकही सुरा बाजूला ठेवून हसला. केलेमेनने एक वेळ बंड सहन केलं असतं. हसू त्याला सहन झालं नाही. रफिलाला तिथूनच पकडून नेलं.

आता इतक्या वर्षांत जे घडलं नव्हतं ते घडलं. पोपा ग्रात्सियानने रविवारी तिच्यासाठी प्रार्थना केली. जीभ तीच होती, पण आता तिला धार लावणारा सैतान नसून पवित्र आत्मा होता. तालुक्याहून वकील पोंपिलियूसाहेब फरच्या कॉलरचा कोट घालून आले. रोमानियनांच्या सुशिक्षित घरांत तेव्हा मुलांना प्राचीन रोमची नावं ठेवायची टूम होती. पोंपिलियूसाहेब ते नाव अंगरख्यासारखं मिरवायचे. त्यांनी खटला फुकट लढवायचं जाहीर केलं.

न्यायाधीश म्हातारा होता, त्याला संधिवात होता आणि जेवणाची वेळ होत आली होती. बाईला चार शब्द सुनावून घरी पाठवायचं त्याच्या मनात होतं, असं कोर्टाचा शिपाई पुढे सांगायचा. पण पोंपिलियूसाहेब उठले. त्यांनी सम्राट ट्रायानपासून सुरुवात केली. रोमन फौजा डॅन्यूब ओलांडून कशा आल्या, त्यांचं रक्त आज या आरोपीच्या धमन्यांत कसं सळसळतंय, हे सांगता सांगता न्यायाधीशाचं सूप निवून गेलं. रफिलाला हा ट्रायान कोण ते ठाऊक नव्हतं. वकील इतक्यांदा नाव घेतायत म्हणजे तो आपला साक्षीदार असणार, अशी तिची समजूत झाली. ती दाराकडे बघत राहिली, आणि तो काही आला नाही. भाषण संपल्यावर न्यायाधीशाने तिला पंधरा दिवसांचा तुरुंगवास दिला. पोंपिलियूसाहेबांचा चेहरा उजळला. चार शब्द ऐकून सुटलेल्या बाईचं राष्ट्राला काय करायचंय?

तुरुंग म्हणजे कचेरीमागचं एक बैठं घर. जेलर लोरिंत्स त्याच अंगणात राहायचा. त्याची बायको एतेल्का कैद्यांना कोबीचं सूप आणून द्यायची आणि रफिलाच्या वाडग्यात, वरचा अधिकारी नसला तर, डुकराच्या चरबीचा एक तुकडा तळाशी लपवायची. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. खुणांनी दोघींनी एकमेकींची मुलं मोजली, एकमेकींचे नवरे मोजले, आणि दुसऱ्या विषयावर दोघींनी एकदमच कपाळाला हात लावला.

एका दुपारी लोरिंत्स पिऊन आला आणि अंगणात बायकोवर हात उगारू लागला. रफिला खिडकीच्या गजांपाशी गेली. तिने त्याच्या आईपासून सुरुवात केली, मग वडिलांवर आली, आणि ते वडील कोण असावेत याबद्दल तिने बरेच अंदाज वर्तवले. लोरिंत्सला अर्धंमुर्धं कळलं. उरलेलं शेजारच्या कोठडीतल्या घोडेचोराने त्याला हंगेरियनमध्ये सविस्तर समजावून सांगितलं. सगळा तुरुंग गजांना लटकून ऐकत होता. जेलरचा हात खाली आला तो पुन्हा निदान रफिला तिथे असेपर्यंत वर गेला नाही. मात्र सरकारी नोकराचा अपमान म्हणून तिची शिक्षा आठवड्याने वाढली.

पोंपिलियूसाहेब एक वर्तमानपत्रही चालवायचे; त्यात छापून आलं की चिरेशेलची सिंहीण गजांआडून राष्ट्रगीतं गात होती, म्हणून जुलमी सत्तेने तिची शिक्षा वाढवली. एका हंगेरियन बाईपायी ती वाढली हे छापायला जागा पुरली नसावी.

सुटली त्या दिवशी दाराशी गाड्यांची रांग लागली होती. तीन मुली लाल, पिवळा आणि निळा असा एकेक घागरा घालून नेमक्या क्रमाने उभ्या होत्या, आणि शिपायांना कळेना की आता अटक कुणाला करायची. पोंपिलियूसाहेबांनी रफिलाच्या हाताचं चुंबन घेतलं आणि राष्ट्रासाठी दोन शब्द मागितले. तिने विचारलं की गाय कोण पिळतंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गाय कुणीच धड पिळत नव्हतं. इलारियेला सवड नव्हती. हुतात्म्याचा नवरा म्हणून त्याला प्रत्येक गुत्त्यात आलुबुखाराची दारू फुकट मिळत होती, आणि देशासाठी जेवढं पिता येईल तेवढं तो पीत होता.

पुढची वर्षं ती गावात तशीच जगली. चीज विकलं, पट्टे विणले, पाद्रीबाबांशी भांडली. मग महायुद्ध आलं. व्हिएन्नाच्या बादशहाला अचानक आठवलं की चिरेशेलमध्येही आपली लेकरं आहेत. रफिलाचा एकुलता एक मुलगा ग्लिगोर त्याच बादशहासाठी रशियनांशी लढायला गालिसियाच्या आघाडीवर गेला. पोंपिलियूसाहेबांच्या दोन्ही मुलांची छाती त्याच सुमारास नाजूक निघाली. पानगळीत शेजारचा एक पोरगा हात गमावून परत आला. तो फाटकाशी बराच वेळ उभा राहिला, आत येईना. रफिला अंगणात मक्याची कणसं सोलत होती. त्याच्याकडे बघून तिने कणीस खाली ठेवलं आणि विचारलं, "पुरलंय ना नीट?" तो म्हणाला, "हो मावशी, मीच होतो तिथे." त्यानंतर त्या हिवाळ्यात तिची जीभ कुणी ऐकली नाही. पाद्रीबाबांनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं.

१९१८च्या डिसेंबरात बादशहा नव्हता, आणि डोंगरापलीकडच्या राज्याशी एक व्हायचं ठरवायला आल्बा यूलिया शहरात सगळे रोमानियन जमणार होते. पहिल्याच गाडीत रफिलाला बसवलं, पट्टा सगळ्यांना दिसेल असा कोटावरून बांधून. मैदानात बर्फ आणि माणसं, माणसं आणि बर्फ. व्यासपीठ एवढं लांब की बोलणारा अंगठ्याएवढा दिसे. पुढच्या रांगेतला माणूस मागच्याला सांगे, तो त्याच्या मागच्याला. असं होत होत तिच्यापर्यंत एवढंच आलं, "एक झालो म्हणतात." टोप्या हवेत उडाल्या. इलारिये एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडला. रफिलाही रडली. तिने एकही टोमणा मारला नाही. ग्लिगोरने पाय आपटत, हातावर फुंकर मारत तिच्या शेजारी उभं राहायला हवं होतं, असं तिच्या मनात येत होतं, आणि या इतक्या आनंदी लोकांत ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

मग स्वातंत्र्य गावात आलं. केलेमेनच्या जागी डोंगरापलीकडून सार्जंट स्तानिका आला. मिशी तशीच, काठी तशीच, कोंबडी मागायची पद्धतही तशीच. सुधारणा इतकीच की तो ज्या शिव्या द्यायचा त्या आता पोराबाळांनाही पहिल्या झटक्यात कळायच्या. पोंपिलियूसाहेब जिल्ह्याचे प्रमुख झाले. लोरिंत्स मिळेल ते घेऊन बुडापेस्टला पळाला. त्या मिळेल त्यात बायको नव्हती. मुलं आधीच लांब गेलेली. एतेल्का बाजाराच्या कडेला दालचिनी लावलेले केक भाजून विकू लागली.

दहा मे हा डोंगरापलीकडच्या राज्याचा स्वातंत्र्याचा दिवस, आता इथलाही. पोंपिलियूसाहेबांनी चौकात मांडव घातला आणि चिरेशेलच्या सिंहिणीला पदक द्यायचं ठरवलं. रफिला बाजारातून येत होती तेव्हा स्तानिकाने एतेल्काला गाठलं होतं. तिच्या वेणीला लाल, पांढरी, हिरवी फीत होती, हंगेरियन रंगांची. जुनी, धुऊन धुऊन विटलेली. त्याने ती ओढून काढली आणि जाता जाता केकच्या टोपलीला लाथ घातली. एतेल्का खाली बसून केक गोळा करत होती. तिने वर बघितलं, रफिलाला ओळखलं, आणि लाजून मान खाली घातली.

मांडवात बँड होता, शाळेच्या मुली होत्या, पोपा ग्रात्सियान पवित्र पाणी घेऊन होते. पोंपिलियूसाहेबांनी ट्रायानपासून सुरुवात केली. शेवटी पदक टोचून झालं आणि त्यांनी सिंहिणीला दोन शब्द बोलायला सांगितलं. लोकांना वाटलं ती गाईबद्दल विचारणार.

"साहेब," रफिला म्हणाली, "मी अडाणी बाई, एक शब्द अडलाय. माझ्या पट्ट्याला ज्याने काठी लावली, त्याला तुम्ही पेपरात जुलमी म्हणालात. आत्ता बाजारात आपल्या सार्जंटाने त्या एतेल्काच्या वेणीची फीत उपटली. त्याला काय म्हणायचं?"

पोंपिलियूसाहेब हसले. "मावशी, दोन्हींत फरक आहे."

"असणारच. म्हणून तर विचारते. त्याला पदक कधी?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू पसरणार तेवढ्यात साहेबांनी बँडला खूण केली. राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे ताठ उभे राहिले, टोप्या उतरल्या. रफिला पायऱ्या उतरून चालू लागली. राष्ट्रगीत चालू असताना चालणाऱ्या सिंहिणीचं काय करायचं, याचा नियम स्तानिकाला ठाऊक नव्हता.

ती थेट बाजाराच्या कडेला गेली, टोपली उचलली आणि एतेल्काला गाडीत बसायची खूण केली. इलारिये कुरकुरला की लोक काय म्हणतील. रफिला म्हणाली, "लोक वीस वर्षं तुला फुकट पाजत होते तेव्हा विचारलंस का?" त्याने घोडं हाकलं.

लोक म्हणाले ते म्हणालेच. सिंहीण हंगेरियन झाली. म्हातारपणी डोकं फिरलं. मूळचं रक्तच तपासायला हवं होतं. वर्तमानपत्राने तिची प्रकृती ठीक नसल्याचं छापलं, आणि पुढच्या दहा मेला दुसऱ्या गावची एक बाई शोधून काढली, जी ऐकण्यात कमी होती आणि बोलण्यात त्याहून. पाद्रीबाबा पुन्हा सैतानाकडे वळले.

एतेल्का मात्र राहिली. बाजाराच्या दिवशी दोघी एकाच फळीवर बसायच्या, एकीचं चीज, दुसरीचे केक, आणि रफिलाच्या छातीवर ते पदक. ते ती बाजाराच्या दिवशीच लावायची. स्तानिका लांबून बघायचा आणि वळसा घालून जायचा. राजाचं चित्र असलेल्या पदकासमोर काठी उचलली तर बदली कुठे होईल याचा त्याला भरवसा नव्हता. एवढ्या कामाला तरी राज्य उपयोगी पडलं, असं रफिला म्हणायची.

इलारिये गेला, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एका कोरड्या थंडीत रफिलाही गेली. पुतण्याने घरावर हक्क सांगितला आणि परक्या बाईला बाहेर काढायला तो गाडी घेऊन आला. फाटकाशी चिरेशेलच्या काही बायका उभ्या होत्या. त्या एतेल्काच्या बाजूने काहीच बोलल्या नाहीत. फक्त वाटेतून हलल्या नाहीत. पुतण्याने थोडा वेळ वाट बघितली, घोडं वळवलं, आणि एतेल्का चूल पेटवायला आत गेली.