माझ्या लेकीशी कोण बोलत होतं

हे लिहावं की नाही, यावर मी बरेच महिने घुटमळत होते. शेवटी लेकीलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही गं आई, फक्त माझं नाव बदल." म्हणून तिला इथे मनाली म्हणते.

आमचं घर लालबागला. पूर्वी चाळ होती, आता त्याच जागेवर टॉवर उभा राहिलाय. माणसं तीच आहेत, दारं मात्र बंद असतात. मूळचे आम्ही कोकणातले, आणि माझ्या अंगात गावच्या देवीचं वारं येतं. हे सांगताना आजही मला संकोच वाटतो, पण ते लपवलं तर पुढचं काहीच सांगता येणार नाही. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात ती पहिल्यांदा आली. तेव्हापासून दर नवरात्रात आरतीच्या वेळी येते, थोडा वेळ थांबते आणि जाते. बायका अडचणी विचारतात, मी उत्तरं देते म्हणे. मला नंतर काही आठवत नाही. बाकी वर्षभर मी शिवणाच्या क्लासमध्ये मुलींना ब्लाउज बेतायला शिकवणारी साधी बाई असते.

मनाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सासर माटुंग्याला, म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं अशी तिचीच हौस. मुलगी झाली. सगळं सुखरूप. घरी आल्यावर पहिले काही दिवस ती नुसती आनंदात होती. बाळाकडे बघत बसायची, गाणी म्हणायची, माझ्याशी अखंड बोलायची. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ती झोपतच नाहीये. बाळ गाढ झोपलं तरी ही खिडकीशी उभी. "झोप गं राणी," म्हटलं तर म्हणायची, "आई, मला झोपेची गरजच वाटत नाही. अंगात इतकी ताकद आलीय!"

मग एकदा वरणभाताचं ताट बाजूला सारत ती मला म्हणाली, "आई, ती माझ्याशी पण बोलते आता." कोण, हे विचारायची गरजच नव्हती. आमच्या घरात 'ती' म्हणजे देवीच.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भरून आलं. त्यातच आमच्या शेजारच्या वैनी बाळंतिणीला भेटायला आल्या, आणि मनाली त्यांना सहज म्हणाली, "वैनी, तुमचा भाऊ निघालाय गावाहून." त्याच संध्याकाळी त्यांचा भाऊ पिशवीत कोकम नि काजू घेऊन दारात उभा! वैनींनी धावत येऊन मनालीच्या पायावर डोकं ठेवलं आणि मला मिठी मारून म्हणाल्या, "अगो, तुझ्यानंतर आता तुझ्या लेकीत इली आसा ती. घाबरतंस कित्याक?"

मी घाबरले होते हे त्यांना दिसलं, पण का ते मला त्यांना सांगता आलं नाही. कारण मनालीच्या डोळ्यांत भीती होती. देवी बोलायला लागली की ती कानांवर हात ठेवायची. वैनी गेल्यावर म्हणाली, "ह्यांच्या हातचं काही खाऊ नको. ती म्हणते, त्यात काहीतरी घातलंय." दुसऱ्या दिवशी माझ्या हातचंही खाईना. आमचे हे मुळात कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "डॉक्टरला दाखवूया का?" जावई रोज ऑफिसातून परस्पर आमच्याकडे यायचे, तेही तेच म्हणाले. मी म्हटलं, थांबा, आधी मला विचारू द्या.

मला विचारायचं होतं ते देवीला. इतकी वर्षं ती माझ्याकडे येत होती, तेव्हा लेकीपाशी येणारी तीच आहे की दुसरं काही, हे मला नाही सांगणार तर कुणाला सांगणार? सकाळी डोक्यावरून आंघोळ करून मी देव्हाऱ्यासमोर बसले. दिवा लावला, डोळे मिटले, मनापासून हाक मारली. ती आली नाही. काहीच झालं नाही. वाटाणे शिजल्याचा वास येत होता, खालून हॉर्न ऐकू येत होते, आणि मी आपली पाटावर बसलेली. लग्नानंतर प्रथमच मला इतकं एकटं वाटलं. सगळी इमारत ज्या बाईकडे कौल मागायला येते, तिलाच कौल मिळेना.

डोळे पुसून मी उठले, बाळाचे लंगोट वाळत घालायला गॅलरीत गेले. परत आले तर पाळणा रिकामा होता आणि घराचं दार सताड उघडं. मनालीचा मोबाइल गादीवर, चपला दारात.

लिफ्टची वाटही न बघता मी जिने उतरले. वॉचमन म्हणाला, "ताई बाळाला घेऊन टॅक्सीत बसल्या. चौपाटी बोलत होत्या." आदल्या दिवसापासून मनाली म्हणत होती की पाणी बोलावतंय, बाळाला पाणी दाखवायचंय. मला वाटलं होतं, बाळाच्या आंघोळीचं बोलतेय. मी रस्त्यावर येऊन टॅक्सीला हात केला. टॅक्सीवाल्याने विचारलं, "कौनसी चौपाटी? गिरगाव या दादर?"

मला माहीत नव्हतं. एक दक्षिणेला, एक उत्तरेला. चुकीच्या बाजूला गेले असते तर सगळंच हातचं गेलं असतं. लहानपणापासून आम्ही तिला नेलं ते गिरगावला, भेळ खायला, विसर्जन बघायला. डोक्यात गिरगावच होतं. तोंडातून मात्र निघालं, "दादर." का, ते मी आजही सांगू शकत नाही. नंतर जावई म्हणाले, "आई, तिचं सासर त्या बाजूला म्हणून तुम्हाला सुचलं असेल." असेलही. टॅक्सीतून मी ह्यांना नि जावयांना फोन केले, आणि मग नुसती हात जोडून बसले. कसली प्रार्थनाही सुचत नव्हती.

दादरला समुद्राजवळ उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. वाळूत फारसं कुणी नव्हतं. मी पाण्याकडे बघत धावत सुटले, आणि मागून हाक आली, "अहो ताई! बाळंतिणीला शोधताय का? इकडे, इकडे!"

बांधाच्या सावलीत मनाली बसली होती. तिच्या शेजारी पांढऱ्या साडीतली, माझ्याच वयाची एक बाई, आणि बाळ त्या बाईच्या मांडीवर पदराखाली शांत झोपलेलं. मी तिथेच वाळूत बसले.

त्या बाईंचं नाव लताताई. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. त्या चैत्यभूमीवर वंदनेला आल्या होत्या आणि परत निघताना त्यांना अनवाणी, केस मोकळे सोडलेली, कोवळं बाळ घेऊन पाण्याकडे चाललेली मुलगी दिसली. त्यांनी तिला धरलं नाही की आरडाओरडा केला नाही. जवळ जाऊन म्हणाल्या, "बाळाच्या डोळ्यांवर ऊन येतंय गं. जरा माझ्याकडे दे, तू केस बांधून घे." आणि मनालीने बाळ दिलं. माझ्या हातून पाण्याचा पेलासुद्धा न घेणाऱ्या मुलीने अनोळखी बाईच्या हातात आपलं बाळ दिलं.

मनाली काहीतरी पुटपुटत होती. मी लताताईंना हळूच म्हटलं, "तिच्याशी देवी बोलते असं ती म्हणते. आमच्या घरात वारं आहे."

लताताई म्हणाल्या, "मी बौद्ध आहे, देवीबिवी काही मानत नाही. पण तुम्ही मानता ना? मग तुम्हीच सांगा, तुमची देवी बाळंतिणीला उपाशी ठेवून भर उन्हात अनवाणी चालवेल का?"

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "माझ्या मुलीला बाळंतपणानंतर असंच झालं होतं. आम्ही म्हटलं दमली असेल, माहेरी आलीय म्हणून लाडात आली असेल. हा आजार असतो हो, आणि बरा होतो. पण आजच न्या, उद्यावर टाकू नका. मी येते तुमच्याबरोबर."

आणि त्या खरंच आल्या. टॅक्सीत बाळ त्यांच्याकडे, मनाली माझ्या खांद्याला टेकलेली. हे आणि जावई थेट हॉस्पिटलात पोचले.

मनोविकारांच्या डॉक्टर तरुण होत्या. वाटलं होतं, वाऱ्याचं ऐकून हसतील, नाहीतर मलाच रागावतील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "तुमच्याकडे देवी येते, तेव्हा कसं असतं ते मला सांगाल?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी आठवून आठवून सांगत गेले. आरती सुरू असताना येते, गर्दीत येते, एकटीला गाठत नाही. नंतर मला भूक लागते, शांत झोप लागते. दुसऱ्या दिवशी क्लासला जाते. कुणाचा संशय घे, कुणाचं खाऊ नको, असं ती कधी सांगत नाही. भीती तर कधीच वाटली नाही. बोलता बोलता मीच थांबले. माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच तोंडून बाहेर आलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या श्रद्धेबद्दल मी काही म्हणणार नाही. तुमच्या मुलीची झोप गेलीय, जेवण गेलंय आणि ती घाबरलीय, त्याबद्दल मात्र मी खात्रीने बोलू शकते. तिला ॲडमिट करूया."

मनालीला बरं व्हायला वेळ लागला. सुरुवातीला ती गुंगीत असायची, मग रडायची, मग एकदा तिने स्वतःहून पेज मागितली. बाळाला वरचं दूध सुरू केलं, आणि ते छान बाळसं धरू लागलं. औषधं बरेच महिने चालली. पुढच्या खेपेला दिवस राहिले तर आधीपासून सांगायचं, असं डॉक्टरांनी जावयांना नीट समजावलं. वैनींना मी सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण माझो भाव इलो होतो, त्याचा काय?" मी म्हटलं, "ते मला नाही माहीत वैनी."

खरंच माहीत नाही. घरी आल्यावर मनालीनेही एकदा विचारलं, "आई, मला ऐकू यायची ती कोण होती गं?" मी तिला डॉक्टरांनी सांगितलं तेच सांगितलं, की तो आजार होता. तिने पुन्हा विचारलं, "आणि तुझी?" मी म्हटलं, "माझी येते नि जाते. मला घरी ठेवून जाते, एवढंच मला कळतं." ती हसली. फार दिवसांनी ते तिचं जुनं हसू मी पाहिलं.

राहून गेलेलं बारसं मग आम्ही थाटात करायचं ठरवलं. आमंत्रण द्यायला मी लताताईंच्या घरी माझगावला गेले. सोबत ओटीचं सामान नेलं, साडी, खण, नारळ. दुसरं काय न्यावं ते मला कळेना. त्यांनी सगळं बघितलं आणि मोठ्याने हसल्या. "साडी घेते, रंग छान आहे. नारळाची चटणी करते. पण हे बघा, मला देवी करून ठेवायचं नाही हं!"

"नाही करत," मी म्हटलं, आणि साफ खोटं बोलले.

त्या दिवशी पाटावर बसून हाक मारली तेव्हा ती आली नाही, म्हणून मी रडले होते. आता वाटतं, आपण आसन मांडायचं आणि तिने तिथेच येऊन बसायचं, हा हट्ट माझा होता. तिला कुठून यायचं, कुणाच्या हाताने बाळ उचलून घ्यायचं, हे तिचं तिने ठरवावं. मी हाक मारण्यापुरती. बारशाला लताताई तीच साडी नेसून आल्या. मनालीने सगळ्यांच्या आधी बाळ त्यांच्याकडे दिलं, आणि स्वतः स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आई, भूक लागलीय. काय आहे?"